झाकण सध्या कारखान्यात आहे

१० फेब्रुवारी, सोमवार

ऑर्डर हातात पडली. आजपासून मी, कल्याण म्हस्के, साखर कारखान्याचा सेफ्टी सुपरवायझर. इतकी वर्षं टाइम ऑफिसात बसून लोकांची हजेरी लावली. आता लोकांचे जीव वाचवायचे.

निवड कशी झाली हे लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल. जुने सुपरवायझर रिटायर झाले. चीफ इंजिनिअर साहेब यार्डात आले आणि बघतात तर सगळ्या यार्डात हेल्मेट घातलेला माणूस एकच, मी. (ऊन होतं म्हणून घातलं होतं. पण कारण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.)

ऑर्डर मार्चअखेरपर्यंतच आहे. ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह. तो गाजला तर कायम करू, असं चीफसाहेब म्हणाले. नाही गाजला तर परत हजेरी.

संकल्प. एक, रोज डायरी. दोन, कारखाना अपघातमुक्त. तीन, त्यानंतर तालुका आणि मग जिल्हा. त्यातला अकोले तालुका लांब पडतो आणि रस्ता घाटाचा, तो पुढच्या वर्षी.

घरी सांगितलं. आईने हातावर गूळ ठेवला. रेश्मा म्हणाली, मग आधी आपल्या कडबाकुट्टीचं बघा, पट्ट्यावरचं झाकण खुळखुळतंय, नट ढिले झालेत. नवरा जिल्हा सुधारायला निघालाय आणि हिला नट दिसतात. रविवारी बघतो म्हणालो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिला राउंड, मिल हाऊस. परिस्थिती गंभीर.

फिटर सूर्यभान चपला घालून काम करताना आढळला. त्याला सेफ्टी शूजचं महत्त्व समजावलं. तो म्हणाला, स्टोअरने दिलेले बूट दहा नंबरचे, पाय सात नंबरचा, चपलेत निदान पळता येतं. नोंद घेतली. या माणसाचा दृष्टिकोन नकारात्मक आहे.

उतरताना पायरीवर सांडलेल्या मळीवरून घसरलो आणि खालच्या पायरीवर बसलो. हा अपघात नव्हे. माझ्या पायात बूट होते. मी फक्त ठरल्यापेक्षा लवकर खाली आलो. पँटला मळी लागली, दिवसभर मुंग्या मागे.

सूर्यभान हसला नाही. पण न हसण्यासाठी त्याला कष्ट पडत होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ऊसयार्ड. बैलगाडीवाल्यांना चमकणाऱ्या पट्ट्यांची जॅकेटं वाटली. पाथर्डीकडचा सहादेव आणि त्याची बायको गोजरबाई, दोघांना स्वतःच्या हाताने घातली, फोटो काढला. तासाभराने परत गेलो तर दोन्ही जॅकेटं बैलांच्या अंगावर. सहादेव म्हणाला, आमाला उकडतंय, त्यास्नी शोभतंय. मी त्याला सांगितलं की बैल सुरक्षा नियमावलीत बसत नाही. गोजरबाईने विचारलं, मग गाडीला पुढं कोण असतं?

ट्रॅक्टरवाल्यांचा प्रकार वेगळा. दोन ट्रेलर मागे, आणि गाणी इतक्या जोरात की मागच्या गाडीने हॉर्न दिला तर देवालाच ऐकू जावा. एकाला आवाज कमी कर म्हणून खुणावलं. त्याला वाटलं मला गाणं आवडलं. त्याने वाढवला.

जनजागृतीला वेळ लागतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिलेला शब्द पाळला. सकाळी पाना घेऊन गोठ्यात गेलो. आमची कुट्टी म्हणजे खाली मोटर, वर पात्याचं चाक, मधून पट्टा फिरतो आणि पट्ट्यावर हे झाकण. रेश्मा आणि आई रोज दोन वेळा चार गाईंसाठी त्यावर मका, घास, उसाचे वाढे काढतात.

झाकण नीट बघण्यासाठी पूर्ण काढलं. आणि मी थक्क झालो. काय वस्तू आहे! सासऱ्यांनी तेलाचा डबा कापून हाताने ठोकून बनवलेली. कडा वळवलेल्या, कुठे हाताला लागत नाही. अख्ख्या कारखान्यात एका पट्ट्यावर इतकं सुबक झाकण नाही. सुरक्षा सप्ताहात प्रदर्शनाला आदर्श नमुना म्हणून हेच ठेवायचं. सुरुवात घरापासून करावी असं मी नेहमी म्हणतो. (आजपासून म्हणतो.)

रेश्माने विचारलं, आन तवर कुट्टीला काय? म्हटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. तोपर्यंत घरासाठी नियम केले. पदर खोचायचा. मशिनजवळ हसायचं नाही. बांगड्या वर सरकवायच्या. आई म्हणाली, मशिनजवळ कोन हसतंय बाबा.

झाकण मोटरसायकलला बांधलं. उद्या नेतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

झाकण घासून पुसून त्याला पिवळे-काळे पट्टे मारले. खाली पाटी: "आदर्श पट्टा-संरक्षक. संकल्पना : क. म्हस्के." सासऱ्यांचं नाव घालणार होतो, पण पाटीवर जागा संपली.

सूर्यभान बघायला आला. दोन्ही बाजूंनी हात फिरवला, म्हणाला झ्याक केलंय कुनीतरी. कुठलं म्हणून विचारलं. म्हटलं, वैयक्तिक संग्रहातलं. तर म्हणाला, "मंग सायेब, जिथलं काढलं तिथं आता काय हाय?"

मला मीटिंग होती. (नव्हती. पण असायला हवी होती.)

२० फेब्रुवारी, गुरुवार

हेल्मेट वाटप पूर्ण. आज अचानक तपासणी केली. गेटवरच्या शिपायाच्या हेल्मेटात चहाचे ग्लास. काट्यावरच्या क्लार्कच्या हेल्मेटात बोरं. सहादेवच्या हेल्मेटातून बैल पाणी पीत होता. बैलांवर सुरक्षेचा इतका परिणाम होईल असं वाटलं नव्हतं.

हनुवटीचा पट्टा तर कुणीच लावत नाही. सगळ्यांना झापलं. माझाही लावलेला नव्हता, पण माझं डोकं स्थिर असतं.

घोषवाक्यं सुचली. लिहून ठेवतो.
"घाई केली, बोटं गेली."
"डोक्यावर टोप, रात्री झोप."
दुसरं चीफसाहेबांना कळलं नाही. मलाही नीट कळलेलं नाही, पण लय आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

रेश्माने परत झाकणाचा विषय काढला. तिसऱ्यांदा. शांतपणे सांगितलं की झाकण सध्या कारखान्यात आहे, तिथे ते हजार माणसांचं प्रबोधन करतंय. ती म्हणाली, हजार मान्सं आपली कुट्टी चालवाया येत्यात का.

बायकोशी वाद घालणारा माणूस नाही मी. तोडगा काढला. जाड पुठ्ठा घेतला, लाल रंगाने ठळक लिहिलं: "सावधान. फिरता पट्टा. हात दूर ठेवा. आज्ञेवरून." सुतळीने मशिनला बांधला.

संध्याकाळी मशीन सुरू केल्याबरोबर सुतळी पट्ट्यात गेली, मागून पुठ्ठा गेला, आणि "आज्ञेवरून" चाऱ्यात बारीक होऊन पडलं. थोरल्या गाईने खाल्लं. दूध कमी दिलं तर त्याला मी जबाबदार असं रेश्माचं म्हणणं.

पुठ्ठ्याऐवजी पत्र्याचा बोर्ड हवा होता. पुढच्या वेळी लक्षात ठेवायचं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपास. कारखाना चालू. साबुदाणा दोन वेळा. बोटांच्या अपघातांवर भाषण लिहिलं, चार पानं. वाचताना मलाच गहिवरून आलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज लिहायची इच्छा नाही. पण संकल्प आहे.

काल संध्याकाळी रेश्मा देवळात गेलेली. गाई ओरडत होत्या म्हणून आईने एकटीने कुट्टी लावली. वाढ्यांची पेंढी उचलायला वाकली आणि लुगड्याचा पदर पट्ट्यात गेला. ओढली गेली. पदर फाटला म्हणून सुटली, गोठ्याच्या खांबावर आदळली. कोपर काळंनिळं झालंय. मला आज कळलं, तेही रेश्माकडून. आईने कुणाला सांगायचं नाही म्हणून तिला बजावलं होतं.

आई हसत होती. म्हणाली, "जुनं लुगडं नेसले हुते म्हनून बरं. नवं असतं तर फाटलं नसतं."

 गोठ्यात जाऊन त्या पट्ट्याकडे बघत बसलो. उघडा. पदराचा तुकडा अजून पुलीला अडकलेला, हिरव्या काठाचा. मीच काढला तो हाताने. माझ्या आईला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?

उद्या झाकण घरी. सप्ताह गेला खड्ड्यात, कायम ऑर्डर गेली खड्ड्यात. लिहून ठेवलंय, खाली दोन रेघा मारल्यात. उद्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

झाकण आणायला सकाळीच गेलो. पान्यासकट.

तिथे चीफसाहेब झाकणासमोर उभे. म्हणाले, म्हस्के, याला म्हणतात काम. चार तारखेला चेअरमनसाहेब याच झाकणाला हार घालून सप्ताहाचं उद्घाटन करणार. शिवाय जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या संघटनेचे लोक तपासणीला येणार आहेत, त्यांची फिरती ढाल यंदा आपल्याकडे यायला हरकत नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी "याला म्हणतात काम" म्हटलं.

पाना खिशातच राहिला.

तरी मी गप्प बसलो नाही. सूर्यभानला म्हटलं, अगदी असंच दुसरं बनवून दे, घरच्या कुट्टीला. तो म्हणाला दुपारपर्यंत देतो, पत्रा स्टोअरमध्ये पडून आहे, फक्त तुमच्या सहीचा इंडेंट लागंल. इंडेंट, म्हणजे स्टोअरचा मागणीचा कागद, भरला. कारणाच्या जागी प्रामाणिकपणे "घरगुती" लिहिलं. मग सही करायला बसलो आणि लक्षात आलं की कारखान्याचा पत्रा घरगुती कामाला देणं नियमात बसत नाही. पदावरच्या माणसाने स्वतःला सवलत द्यायची नाही. इंडेंट नामंजूर केला.

मीच मागितलं, मीच नाही म्हटलं. यालाच शिस्त म्हणतात. सूर्यभान म्हणाला, मग बाजारातनं पत्रा आना की सायेब. तेही खरंय. मिरजगावच्या बाजारात मिळेल. बघू, सप्ताह झाला की.

आईला सांगितलं, मशिनला हात लावायचा नाही. आईने विचारलं, मग गाईंना काय भाषन वाढू?

३ मार्च, सोमवार

मोठी अडचण. उद्या मिल हाऊसमध्ये प्रत्येक पाहुण्याने हेल्मेट घालायलाच हवं, नियम माझाच. आणि पाहुण्यांना फेटा बांधायलाच हवा, नाहीतर चेअरमनसाहेब पुढच्या सीझनपर्यंत माझ्याशी बोलणार नाहीत. डोकं एकच.

सगळं ऑफिस हात टेकून बसलं. मी तोडगा काढला. आधी हेल्मेट, त्यावर फेटा. फेटेवाल्याने मला दोनदा विचारलं, हेल्मेटवर का हेल्मेटऐवजी? त्याच्या आयुष्यात असं काम आलं नव्हतं. कापड जास्त लागलं, पण बसलं. मागे लोंबणारा शेमला नेहमीपेक्षा लांब ठेवायला सांगितला. हेल्मेटमुळे डोकं मोठं दिसतं, तोल सांभाळायला हवा.

ट्रायल माझ्यावरच घेतली. आरशात बघितलं. भारदस्त.

४ मार्च, मंगळवार. राष्ट्रीय सुरक्षा दिन

न भूतो न भविष्यति कार्यक्रम.

सगळ्यांनी उजवा हात पुढे करून सुरक्षेची शपथ घेतली. मी सांगत होतो, लोक मागून म्हणत होते. चेअरमनसाहेबांचं डोकं मिल हाऊसच्या खालच्या पाइपला जोरात थडकलं, आणि साहेबांना काही कळलंसुद्धा नाही. उलट त्यांनी कुणी हाक मारली म्हणून मागे बघितलं. हेल्मेट-फेट्याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

गाडीत बसताना मात्र त्यांना फेट्यासकट आत जाता येईना. गुडघ्यात वाकून गेले. फोटो घेऊ दिला नाही.

झाकणाला झेंडूचा हार. नारळ फुटला. मी भाषणात म्हणालो, असं झाकण जिल्ह्यातल्या घराघरातल्या कुट्टीवर असायला हवं, ज्या घरात ते नाही त्या घराचा कर्ता पुरुष झोपलेला आहे. टाळ्या.

बायकामाणसांना आमंत्रण होतं म्हणून रेश्मा आली होती. बराच वेळ झाकणासमोर उभी राहिली. तिच्या वडिलांच्या हातची वस्तू, हार घातलेली. मग तिने हात जोडले. मला भरून आलं. इतका अभिमान तिच्या तोंडावर मी आधी पाहिला नव्हता. (जवळून बघितलं असतं तर नीट दिसला असता. ती लगेच निघून गेली.)

जाताना ती सूर्यभानशी काहीतरी बोलली. तो मान हलवत होता.

६ मार्च, गुरुवार

घरी संप.

रेश्मा आणि आईने ठरवलंय, झाकण आल्याशिवाय कुट्टीचं बटण दाबायचं नाही. वाढे विळ्याने तोडतात. आई म्हणते, लगीन झालं तवा असंच तोडत हुते, तवा कुनी सत्कार करत नव्हतं. गाई लांब तुकडे टाकून देतात, दूध उतरलंय, डेअरीवाल्यानेही विचारलं.

मी चर्चेची तयारी दाखवली. रेश्मा म्हणाली चर्चा नको, झाकन.

हे लोक समजून घेत नाहीत की झाकण आता माझं राहिलेलं नाही. आज स्टोअरवाल्याने त्यावर पांढऱ्या रंगात मालमत्ता नंबर टाकलाय. प्रदर्शनातली प्रत्येक वस्तू नोंदवायची असा नियम आहे. नियम मीच सुचवला होता.

९ मार्च, रविवार

मिरजगावला पत्रा आणायला निघालो होतो. वाटेत चीफसाहेबांचा फोन, उद्या समारोप, ढालीचा निकाल उद्याच, घोषवाक्यांचे बोर्ड आणखी लावा. तिथूनच वळलो.

घरी येऊन जाहीर केलं की उद्यापासून कुट्टी मी स्वतः चालवीन. या घरात प्रशिक्षित माणूस एकच आहे. रेश्मा विळा घेऊन वाढे तोडायला गेली. आई म्हणाली, झाकन आनायचं सोडून ह्यो बोटं घालाया निघालाय.

तिला म्हणायचं काय होतं ते विचारलं नाही.

१० मार्च, सोमवार. दुपार

जिंकलो. फिरती ढाल आमच्या कारखान्याला. दीड हात लांब, सागवानी, वर दर वर्षाच्या विजेत्याची पितळी पट्टी, आणि यंदाच्या पट्टीवर कारखान्याच्या खाली बारीक अक्षरात माझं नाव. चीफसाहेब म्हणाले, एक दिवस घरी न्या, आईला दाखवा. कायमच्या ऑर्डरचं मार्चअखेर बघू, असंही म्हणाले. बघू म्हणजे झालंच.

मला हेल्मेटवर फेटा बांधला. तसाच निघतो, घरच्यांनी बघायला हवं. ढाल मोटरसायकलला मागे बांधली, जिथे तेव्हा झाकण बांधलं होतं.

संध्याकाळी कुट्टी मीच चालवणार. फेट्यात.

१२ मार्च, बुधवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर असंच येणार.

परवा गेलो. ढाल दाराशी टेकवली. फेटा उतरवला नाही, आई शेतातून यायची होती. बटण दाबलं. पहिली पेंढी व्यवस्थित गेली. दुसरी उचलायला वाकलो. शेमला पट्ट्यात.

आधी वाटलं कुणी मागून ओढतंय. मग डोकं जायला लागलं. हनुवटीचा पट्टा लावलेला नव्हता म्हणून हेल्मेट फेट्यासकट निघून गेलं. लावलेला असता तर मीपण गेलो असतो. रोज लोकांना ज्यावरून झापतो, तो न लावल्यामुळे वाचलो. हे कुणाला सांगायचं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी हेल्मेट धरायला हात घातला.

आवाज आठवतो. माझा नव्हे, हेल्मेटचा. रेश्मा स्वयंपाकघरातून धावत आली आणि मेन स्विच पाडला. नंतर ती मातीत बसली आणि रडायला लागली. मी तिला म्हणालो, अगं काही नाही झालं. तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि मग मीपण बघितलं.

मधली दोन बोटं. हाड चिरलंय, टाके आहेत. पण बोटं आहेत. सगळी आहेत.

मिरजगावच्या डॉक्टरांनी विचारलं काय करता. म्हटलं, शेती.

१३ मार्च, गुरुवार. होळी

झोपून आहे. पट्ट्याच्या त्या क्षणी मला ना ढाल आठवली ना कायम ऑर्डर. आईच्या लुगड्याचा हिरवा काठ आठवला. पुलीला अडकलेला तुकडा मीच काढला होता आणि दुसऱ्या दिवशी पाना खिशात घालून तसाच परत आलो होतो.

आईने भरवलं. लहानपणानंतर पहिल्यांदा. प्रत्येक घासाला म्हणत होती, उजव्या हाताची शपथ घेतली हुती नव्हं. 

तरीही नोंद करतो, घर हे कामाचं ठिकाण धरत नाहीत. म्हणजे कारखान्याचा रेकॉर्ड स्वच्छ आहे.

१५ मार्च, शनिवार

सूर्यभान भेटायला आला. पायात बूट. सात नंबर. स्वतःच्या पैशाने घेतलेत का विचारलं तर म्हणाला, न्हाई, सुपरवायझर झालो म्हनून स्टोअरनं बदलून दिले. माझा उजवा हात सहीला चालत नाही म्हणून चार्ज त्याच्याकडे दिलाय. तात्पुरता, असं तो म्हणाला. चीफसाहेबांनी फोनवर तात्पुरता शब्द वापरला नाही.

हात बरा झाला की टाइम ऑफिसात या म्हणाले. तिथे डाव्या हातानेही हजेरी लागते.

झाकणाचं विचारलं. सूर्यभान म्हणाला, वैनींनी सांगितल्यापासनं प्रयत्न चालू हाय, पन त्याच्यावर नंबर पडलाय, चेअरमनसाहेबांनी हार घातलाय, त्यांच्या सहीबिगर गेटबाहेर निघत न्हाई. गेटवर तपासतात. गेटवर तपासायचा नियमही माझाच.

१६ मार्च, रविवार

सकाळी गोठ्यातून ठोकण्याचा आवाज. गेलो. रेश्मा पाना घेऊन बसलेली, शेजारी तार. ढाल कुट्टीच्या पट्ट्यावर बसवत होती. पितळी पट्ट्या आत गेल्या तर पुलीला लागतील म्हणून बाहेर ठेवल्या होत्या. दोन बाजूंनी तार आवळली, वरून नट. मापात बसली. जणू त्यासाठीच केलेली.

म्हटलं, अगं ती फिरती ढाल आहे, पुढच्या वर्षी परत करायची आहे. ती म्हणाली, तवर झाकन यील.

दहा वाजता चीफसाहेबांचा फोन. चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये ढाल हवी, पाहुणे येणार आहेत, म्हस्के, ढाल कुठे आहे?  रेश्माने फोन माझ्या हातातून घेतला.

"सायेब," ती म्हणाली, "झाकन घेऊन या, ढाल घेऊन जा."

आणि फोन ठेवला.

अजून कुणी आलेलं नाही. दुपारी आईने वाढे आणून दिले, रेश्माने बटण दाबलं. पट्टा फिरतोय, दिसत नाही. ढालीवर यंदाच्या पट्टीत माझं नाव आहे, ते गाईंच्या बाजूला आलंय.

मी लांब उभा होतो. रेश्मानेच सांगितलं होतं, लांब उभं राहा.